संशोधन आणि लोकधोरण

विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि रुग्णालये यांतून पद्धतशीरपणे मिळवलेले ज्ञान कायदे, सरकारी योजना आणि लोकांचे रोजचे जगणे सुधारण्यासाठी वापरात आणण्याची प्रक्रिया. अभ्यासकाने सरकारला सल्ला देणे हा तिचा सर्वांत परिचित भाग. पण एखाद्या वस्तीने अभ्यासकांना सोबत घेऊन आपल्याच प्रश्नाचा पुरावा गोळा करणे, सरकारने स्वतःची योजना तपासायला बाहेरच्यांच्या हाती देणे आणि चुकीच्या समजुतीवर चाललेला कार्यक्रम बंद करणे, हेही तिच्यातच मोडते. शोध लागला, छापून आला आणि सरकारने तो अमलात आणला, असे सरळ घडलेले फारसे दिसत नाही. मध्ये दहा-वीस वर्षे सहज जातात, आणि आरोग्यासारख्या क्षेत्रात त्या प्रत्येक वर्षाची किंमत माणसे जिवाने मोजतात.

या विषयात पहिला दाखला दिला जातो तो लंडनचा. १८५४ मध्ये सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले आणि ती घरे कुठले पाणी पीत होती याचा शोध घेतला. बोट ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाकडे गेले आणि ८ सप्टेंबरला त्याचा दांडा काढण्यात आला. गोष्ट सहसा इथे थांबवतात, आणि त्यामुळे तिच्यातले महत्त्वाचे सुटते. साथ तोवर ओसरू लागली होती. दांडा पुढे परत बसवला गेला, आणि रोग दूषित हवेतून पसरतो असे मानणाऱ्या आरोग्य मंडळाने स्नो यांचे म्हणणे स्वीकारले नाही. पुराव्यातली हरवलेली कडी सापडली ती हेन्री व्हाइटहेड या तिथल्या धर्मगुरूंना. खरे तर ते स्नो यांना खोटे ठरवायला निघाले होते! पण घरोघरची माणसे त्यांच्या ओळखीची होती, दुःखातही त्यांच्याशी बोलत होती. साथीच्या आधी जुलाबाने आजारी पडलेल्या एका तान्ह्या मुलीची दुपटी धुतलेले पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या मैलाखड्ड्यात ओतले गेले होते, हे त्यांनी शोधून काढले. वस्तीचा माणूस बरोबर नसता तर ही माहिती कुठल्याही नकाशावर आली नसती.

कधीकधी पुरावा हाताशी असतो, पण तो एकत्र करायला कोणी बसत नाही. तान्ह्या बाळांना पालथे झोपवावे असा सल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतले डॉक्टर आणि बालसंगोपनाची पुस्तके देत होती. पालथे झोपण्याचा आणि पाळण्यातल्या अचानक मृत्यूचा संबंध दाखवणारे अभ्यास तेव्हाही विखुरलेले होते. ते सगळे २००५ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा दिसले की १९७० पर्यंतचा पुरावा जरी कोणी नीट मांडला असता तरी धोका ओळखता आला असता. प्रत्यक्षात बाळाला उताणे झोपवा ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला सुरू झाली. त्यानंतर हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. मधल्या वीस वर्षांत आईबापांनी सांगितले ते मन लावून पाळले होते, हे त्यातले सर्वांत जिव्हारी लागणारे. एका विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या शिस्तीने जमवून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढण्याची पद्धत अशाच अनुभवांतून रुजली. १९९३ मध्ये स्थापन झालेली कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था वैद्यकातले असे आढावे करते. शिक्षण, गुन्हेगारी आणि समाजकल्याण या क्षेत्रांसाठी कॅम्पबेल ही तिची भावंड संस्था २००० पासून काम करते.

जलसंजीवनी

ज्ञान प्रयोगशाळेतून घराघरांत कसे पोहोचते हे पाहायचे तर जलसंजीवनीइतके बोलके उदाहरण नाही. जुलाब-कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आतड्यात ग्लुकोज असेल तर त्याच्याबरोबर सोडियम आणि पाणीही शोषले जाते, हे शरीरशास्त्रज्ञांना कळले होते. त्याच्या आधारे १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवले की मीठ-साखरेचे योग्य मिश्रण तोंडाने दिल्यास शिरेतून द्यावे लागणारे सलाइन पुष्कळ कमी लागते. तरीही हे काम जाणकारांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करावे, असा बहुतेक डॉक्टरांचा आग्रह होता.

तो आग्रह १९७१ मध्ये परिस्थितीने मोडला. बांगलादेश मुक्तियुद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. सीमेवरच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचे सलाइन संपत आले. जमिनीवर दाटीवाटीने पडलेले रुग्ण आणि हाताशी मोजके सहकारी. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत द्रावण कालवले आणि पेले रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आई, बहीण, नवरा यांना हे जमते, हा त्या छावणीतला खरा शोध होता. जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम १९७८ मध्ये हाती घेतला आणि जलसंजीवनी त्याच्या केंद्रस्थानी ठेवली.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा सोपा नव्हता. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे बाया-माणसांना दारोदार पाठवून एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना हे मिश्रण शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला घरांच्या संख्येवर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस त्यातल्या काही घरी जाई आणि आईला काय आठवते ते विचारी. तिच्या उत्तरांवर कार्यकर्तीचे पैसे ठरत. आयांनी कालवलेले द्रावण प्रयोगशाळेत तपासले जाई. कार्यक्रम किती लोकांपर्यंत गेला हे मोजणारे पुष्कळ असतात. लोकांच्या हातात काय उरले हे मोजण्याची ही रीत कुठल्याही खात्याने उचलावी अशी आहे.

गडचिरोलीतला पुरावा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे महाराष्ट्रातल्या गडचिरोली जिल्ह्यातले काम याच वाटेवरचे. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. पण मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजणे लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईला अवघड. त्यासाठी संस्थेने मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधे यंत्र बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया. आकडा वाचायची गरजच उरली नाही.

पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली गेली: ऊब, स्तनपान, श्वास कोंडलेल्या बाळाला मदत, आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा. तुलनेसाठी ४७ गावे होती. नवजात मृत्यूंत तुलनेने ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळाच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत अशी सेवा देशभर सुरू केली. निष्कर्ष छापून आल्यापासून १२ वर्षे. या क्षेत्रात हा वेग चांगला म्हणावा लागतो.

धोरणकर्ते ज्ञान कसे घेतात

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅरोल वाइस यांनी १९७० च्या दशकात सरकारी अधिकारी संशोधनाचा वापर कसा करतात हे तपासले. अमुक अभ्यास वाचला म्हणून अमुक निर्णय घेतला, असे सांगता येणारे थोडेच निघाले. पण संशोधनातल्या कल्पना हळूहळू झिरपत जातात आणि प्रश्नाकडे पाहण्याची नजरच बदलतात, असे त्यांनी दाखवले. ‘आळशी गरीब’ ऐवजी ‘कुपोषित मूल’ दिसू लागणे हा असाच बदल. राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी १९८४ मध्ये याला वेळेची बाजू जोडली: प्रश्न लोकांच्या डोळ्यांपुढे असणे, त्यावर उपाय तयार असणे आणि राजकीय वारे अनुकूल असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निर्णयाची खिडकी उघडते, आणि ती फार काळ उघडी राहत नाही.

ओझोनच्या बाबतीत ती उघडली. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये इशारा दिला की शीतकपाटे आणि फवाऱ्यांतली क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने ओझोनचा थर खातात. दहा-अकरा वर्षे वाद चालला. १९८५ मध्ये ब्रिटिश अभ्यासकांनी अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र दाखवले आणि १६ सप्टेंबर १९८७ ला ही रसायने कमी करण्याच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. छिद्र नेमके कशाने पडले याचा पक्का पुरावा तेव्हा अजून हाती येत होता. पूर्ण खात्रीची वाट न पाहता, पण पुढे करार सुधारण्याची सोय ठेवून पाऊल टाकले, म्हणून हा करार टिकला.

अभ्यासकाला यातून मिळणारा व्यावहारिक सल्ला साधा आहे. उपाय आधीच तयार ठेवावा. चाळीस पानांच्या निबंधाबरोबर दोन पानांचे टिपण द्यावे. बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खात्यात टिकून राहणाऱ्या माणसांशी नाते जोडावे. माहीत काय आणि आपले मत काय, हे वेगळे सांगावे. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या राष्ट्रीय मूल्यमापनात संशोधनाच्या समाजावरील परिणामाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन दिले गेले. इतरत्र मात्र पदोन्नती बहुतांशी छापील निबंधांवर ठरते, आणि वस्तीत घालवलेली पाच वर्षे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. हे बदलल्याशिवाय तरुण अभ्यासकांकडून फार अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सरकारे आपल्या योजना स्वतःहून तपासायला देतात तेव्हा फायदा योजनेचाच होतो. मुलांनी शाळेत जावे आणि आरोग्य तपासणी करून घ्यावी या अटीवर गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी ‘प्रोग्रेसा’ योजना मेक्सिकोने १९९७ मध्ये आणली. मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून ३२० गावांना मदत आधी, १८६ गावांना नंतर. २००० मध्ये अनेक दशकांची सत्ता पालटली, पण निष्कर्ष समोर असल्याने नव्या सरकारने योजना मोडली नाही, फक्त नाव बदलले. उलट्या दिशेचे उदाहरण अमेरिकेतले. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून भीती घालण्याचा कार्यक्रम तिथे १९७० च्या दशकापासून लोकप्रिय होता. अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसले की ही मुले, कार्यक्रमाला न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती.

चूक आणि विरोध

संशोधन चुकते, आणि चुकलेले संशोधन सत्तेला सोयीचे असेल तर वेगाने पसरते. देशाचे कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की आर्थिक वाढ कोसळते, असा कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निष्कर्ष सरकारी खर्चकपातीच्या समर्थनार्थ अनेक देशांत दाखवला गेला. २०१३ मध्ये टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून घेतला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ती आणि इतर दुरुस्त्या केल्यावर उणे ०.१ टक्के दिसणारी सरासरी वाढ २.२ टक्के निघाली. मूळ आकडेवारी मागणाऱ्याला देणे ही लोकहिताची गोष्ट का आहे, ते इथे कळते.

निष्कर्ष बरोबर असूनही त्रास सोसावा लागतो, हेही खरे. हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यातले शिसे मोजले आणि १९७९ मध्ये दाखवले की ज्यांच्या दातांत शिसे जास्त त्यांची बुद्धी आणि एकाग्रता कमी. शिशाच्या उद्योगाची बाजू घेणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. चौकशीतून ते निर्दोष ठरले. गाड्यांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपूर्ण हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले.

वस्ती आणि अभ्यासक

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे पाणी एप्रिल २०१४ मध्ये नदीवर वळवले गेले आणि नळांची झीज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही. पाणी तपकिरी येऊ लागले. लोक बाटल्या भरून सभांना नेत, आणि पाणी सुरक्षित आहे हेच उत्तर ऐकून परतत. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्‌स यांच्या गटाने सुमारे ३०० तपासणीसंच पाठवले. रहिवाशांनी स्वतः नमुने भरले, शेजाऱ्यांकडून भरून घेतले आणि अडीचशेहून अधिक संच परत पाठवले. शिसे सापडले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे सप्टेंबरमध्ये जाहीर केले. अधिकाऱ्यांनी आधी ते झिडकारले, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा जुन्या स्रोतावर आणले.

असा विश्वास मोडल्याचीही उदाहरणे आहेत. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या आदिवासी जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार. त्यावर उपाय सापडेल या आशेने त्यांनी १९९० पासून विद्यापीठातल्या अभ्यासकांना रक्त दिले. तेच रक्त पुढे मनोविकार, जवळच्या नात्यातली लग्ने आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासांत वापरले गेले. ते जमातीला कळले २००३ मध्ये, त्याच विद्यापीठात शिकणारी त्यांची एक मुलगी एका प्रबंधाच्या जाहीर मांडणीला बसली तेव्हा. २०१० मध्ये तडजोड झाली आणि जमातीची माणसे शीतपेटीतले आपले रक्त परत घेऊन गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये आपली स्वतःची संशोधनसंहिता जाहीर केली. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ती मान्य करावी अशी त्यांची अपेक्षा आहे. प्रामाणिकपणाच्या कलमात त्यांनी एक अट घातली आहे: आमच्याशी बोलताना भाषा स्पष्ट असावी, विद्यापीठी नसावी.