घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस आणि अँटीव्हायरस

घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढणं म्हणजे मालकाला न विचारता आत शिरलेला, किंवा बऱ्याचदा मालकानेच न कळत आत घेतलेला प्रोग्राम शोधून बंद करणं, पुसणं आणि त्याने घातलेला गोंधळ निस्तरणं. अँटीव्हायरस म्हणजे हे काम जमेल तितकं आधीच अडवणारं सॉफ्टवेअर. बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो पण एकूण प्रकाराचं नाव मालवेअर. दुसऱ्या फाईलला चिकटून पसरतो तो व्हायरस, नेटवर्कमधून आपला आपण पळतो तो वर्म, कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन येतो तो ट्रोजन, फाईलींना कुलूप घालून पैसे मागतो तो रॅन्समवेअर आणि ब्राउझरमधे सेव्ह केलेले पासवर्ड गुपचूप उचलून नेतो तो स्टीलर. नाशिकमधे एमजी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला दुकानात मशीन दुरुस्तीला नेलं की "व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावं लागेल" हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि बऱ्याच वेळा फॉरमॅटची गरजच नसते, काही वेळा तर व्हायरसही नसतो, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिली आहे.

आधी थोडा इतिहास. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ब्रेन, १९८६चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधे, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसायचा. मे २०००मधे आय लव्ह यू नावाचा मेलवरून पसरला, नोव्हेंबर २००८पासून कॉन्फिकरने विंडोजची असंख्य मशीनं धरली, १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला. त्याच वर्षी जूनमधे नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. आपली द्राक्षं परदेशी जातात तीच ही वाट, नशीब की तेव्हा द्राक्षांचा सीझन संपलेला होता. वॉनाक्रायबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ज्या खिडकीतून तो आत आला ती बंद करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिलेला होता, म्हणजे दोन महिने आधी, आणि मुख्यतः ज्यांच्याकडे तो अपडेट नव्हता त्यांच्याकडेच तो शिरला. अँटीव्हायरसच्या धंद्यात महाराष्ट्राचं नावही मोठं आहे. क्विक हील ही पुण्याची कंपनी, कैलास आणि संजय काटकर ह्या भावांची. कैलास काटकरांच्या रिपेअरिंगच्या दुकानातून तिची सुरुवात झाली, २००७पर्यंत तिचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं आणि फेब्रुवारी २०१६मधे ती शेअर बाजारात आली.

कसा शिरतो

आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा रस्ता म्हणजे पेन ड्राइव्ह. नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे सेंट्रल बसस्टँडला, कोर्टासमोर टायपिंगची आणि झेरॉक्सची दुकानं आहेत, तिथल्या एका मशीनमधे दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागत असतात, कुणाचं ॲफिडेव्हिट, कुणाचा सातबारा, कुणाचा बायोडेटा. समजा तुम्ही तिथे प्रिंट काढली आणि घरी येऊन ड्राइव्ह लावला. फोल्डर सगळे जागेवर दिसतात, नावंही तीच, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण आलाय आणि साईज दाखवतंय १ केबी नाहीतर २ केबी. हाच तो शॉर्टकट व्हायरस. तुमचे खरे फोल्डर कुठेही गेलेले नसतात, त्याने ते लपवलेले असतात, कधीकधी नाव नसलेल्या एका फोल्डरमधे कोंबलेले असतात, आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून संशय येत नाही, पण मागच्या मागे एक स्क्रिप्ट चालते, कॉम्प्युटरमधे घर करते आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हला तोच प्रसाद देते.

इथे लोक घाबरून पहिली चूक करतात, पेन ड्राइव्ह फॉरमॅट. करू नका, डेटा आतच आहे. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ॲट्रिब ही कमांड लिहा, पुढे स्पेस देत देत वजा एच, वजा आर, वजा एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी आणि शेवटी ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार. एंटर मारला की लपलेलं सगळं वर येतं. खरे फोल्डर कॉपी करून घ्या, बाणवाले शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट उडवा, आणि मग हवं तर ड्राइव्ह फॉरमॅट करा. पण कॉम्प्युटर तसाच ठेवून नुसता पेन ड्राइव्ह साफ केला तर काही उपयोग नाही, परत लावला की परत तेच. प्रिंटसाठी फाईल न्यायचीच असेल तर दुकानाच्या मेलवर पाठवणं बरं, किंवा ज्याच्यावर दुसरं काहीच नाही असा एक वेगळा छोटा ड्राइव्ह ठेवावा.

दुसरा रस्ता क्रॅकचा, म्हणजे लायसन्सचं कुलूप मोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरचा, आणि माझ्या मते आज सगळ्यात घातक हाच आहे. ऑफिस, फोटोशॉप, गेम, विंडोजचा ॲक्टिव्हेटर, काहीही फुकट मिळतं म्हणून उतरवलं की झिप फाईलला पासवर्ड असतो आणि सोबत सूचना असते, आधी अँटीव्हायरस बंद करा. पासवर्ड ह्यासाठी की स्कॅनरला आतलं दिसू नये, आणि बंद करा ह्यासाठी की कुलूप तुम्हीच काढून द्यावं. स्टॉप डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर वर्षानुवर्षं घरगुती मशीनवर ह्याच वाटेने आला. मुलाने गेमसाठी केलेल्या एका क्लिकमधे बारशापासूनचे सगळे फोटो कुलूपबंद झालेलं घर मी जवळून बघितलंय, ती आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. आणि अँटीव्हायरसच क्रॅक करून वापरणं म्हणजे तर कुंपणानेच शेत खाण्याची सोय.

तिसरा प्रकार खरं तर व्हायरस नसतोच. सिडकोत एका ओळखीच्या काकांचा फोन आला, दर पाच मिनिटांनी खाली उजवीकडे लाल चौकट येते, "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले", पैसे भरू का म्हणून विचारत होते. म्हटलं काका, कशाला हात लावू नका, येतो मी. जाऊन बघितलं तर पंचांग बघायला गेलेल्या कुठल्याशा साईटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि त्यांनी अलाउ दाबलं होतं, बास. क्रोमच्या सेटिंगमधे प्रायव्हसी, साईट सेटिंग, नोटिफिकेशन इथे जाऊन ती साईट काढली, दोन मिनिटांचं काम. अशाच चौकटीत फोन नंबर दिलेला असेल तर तो लावायचा नाही, समोरचा एनीडेस्कसारखं, दुरून तुमचं मशीन चालवू देणारं ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेपर्यंत पोचतो.

कुठला अँटीव्हायरस घ्यावा

विंडोज १० किंवा ११ असेल, ओरिजिनल असेल आणि अपडेट होत असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आत आहेच, आणि साध्या घराला तो पुरतो. फुकट आहे म्हणजे हलका असणार हा समज विंडोज ७च्या काळातला. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरायला त्रास किती ह्या तीन गोष्टींना ६-६ असे १८ मार्क देते, त्यात डिफेंडरला अलीकडे पूर्ण किंवा त्याच्या जवळचे मार्क मिळत आलेत. ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही कंपॅरेटिव्ह्ज अशाच चाचण्या घेते. घ्यायच्या आधी ह्या दोन्हींचे ताजे निकाल बघावेत, दुकानदाराला ज्या बॉक्सवर जास्त कमिशन तो बॉक्स चांगला असं काही नसतं.

पैसे देऊन घेण्यात अर्थ कधी आहे, तर घरात लहान मुलं आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायची सोय हवी, तीन-चार मशीन आणि फोन एका लायसन्सवर बसवायचेत, किंवा घरीच टॅलीचं काम चालतं आणि अडचण आली तर फोन करायला कुणीतरी हवं. क्विक हील, के सेव्हन, ईस्कॅन हे इथले, बिटडिफेंडर, ईसेट, नॉर्टन हे बाहेरचे, सगळी चालणारी नावं आहेत. फक्त पहिल्या वर्षाची किंमत आणि रिन्यूअलची किंमत वेगळी असते ते बघून घ्या, आणि कार्डवर ऑटो रिन्यू चालू असेल तर बंद करा. फुकटवाल्यांमधे कंपनी पैसे कशातून कमावते हेही विचारावं. अव्हास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मधे त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसे एका मशीनमधे दोन अँटीव्हायरस रियल टाइममधे, म्हणजे सतत पहारा देत, चालवू नयेत, एकमेकांच्या फाईलींवर झडप घालतात आणि मशीन रडकुंडीला येतं. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, पण दुसऱ्याचं लायसन्स संपून तो नुसताच पडून राहिला तर संरक्षण आहे ह्या भरवशावर तुम्ही राहता, म्हणून वापरायचा नसेल तर पूर्ण अनइन्स्टॉल करा, कंपनीचं रिमूव्हल टूल असतं ते वापरून. अँटीव्हायरस जागा आहे का बघायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी टेस्ट फाईल मिळते, ती उतरवताना अँटीव्हायरसने ओरडलंच पाहिजे.

अजून एक, मशीन स्लो झालं म्हणजे व्हायरस असा थेट अर्थ काढू नका. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅमवर विंडोज १० रखडतंच, तिथे अँटीव्हायरसवर खर्च करण्यापेक्षा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली तर जास्त फरक पडतो.

काढायचा कसा

खरंच काहीतरी शिरलंय असं वाटलं तर पहिलं काम वायफाय बंद, म्हणजे आतला प्रोग्राम बाहेर माहिती पाठवू शकत नाही. त्या मशीनवर बँक, जीमेल काहीही उघडायचं नाही. मग विंडोज सिक्युरिटी उघडून आधी एक्सक्लूजनची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी बघा, ही पायरी बरेच रिपेअरवालेही विसरतात. क्रॅक किंवा मालवेअर आत आला की तिथे आपलं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवतो, म्हणजे डिफेंडर तिकडे बघतच नाही आणि स्कॅन रिकामा येतो. यादीतलं जे तुम्ही टाकलेलं नाही ते काढा. त्यानंतर फुल स्कॅन, आणि मग ऑफलाइन स्कॅन, ज्यात मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात, आणि चालू विंडोजमधे जो लपून बसतो तो इथे सापडू शकतो. ऑफलाइनच्या आधी थोडा वेळ नेट चालू करून अपडेट मात्र घ्या.

एकाच डॉक्टरवर समाधान नसेल तर दुसरं मत घ्यावं. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर आहे, उतरवल्यापासून १० दिवसांत तो बाद होतो म्हणून दरवेळी नवा घ्यायचा. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती नुसत्या स्कॅनसाठी चांगली, आणि ब्राउझरचं होमपेज बदललं, भलतेच टूलबार आले तर ॲडवक्लीनर. सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ला सुरू झालं, तिथूनही फुकट टूल मिळतात. एखाद्याच फाईलचा संशय असेल तर व्हायरसटोटलवर टाका, ७०च्या आसपास इंजिन ती तपासतात, पण आधार, पॅन, पासबुक असलं काही तिथे टाकू नका, टाकलेल्या फाईली इतरांपर्यंत पोचतात. टूल नेहमी कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या, सर्चमधे वर येणाऱ्या जाहिरातीतून घेतलं तर आगीतून फुफाट्यात.

रॅन्समवेअर असेल तर खेळ वेगळा. अँटीव्हायरस त्याला मारेल पण कुलूप उघडणार नाही. फाईली पुसू नका, खंडणीची चिठ्ठी असलेली टेक्स्ट फाईलसुद्धा जपून ठेवा, आणि नो मोअर रॅन्सम ह्या साईटवर एक नमुना टाकून बघा. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६मधे सुरू केलेली ही साईट आहे, काही जातींच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. आज नसली तर पुढे येऊ शकते, म्हणून कुलूपबंद फोटो एखाद्या हार्ड डिस्कवर ठेवून द्या. पैसे भरू नका, भरून चावी मिळेलच असं नाही.

एवढं करून परत परत तेच येत असेल तर मात्र फॉरमॅट, आणि तो स्वतः करता येतो. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन कमीत कमी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा. लॅपटॉपसोबत ओरिजिनल विंडोज आलं असेल तर लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, प्रॉडक्ट की विचारली तर स्किप केलं तरी नेटला जोडल्यावर ॲक्टिव्हेट होतं. दुकानात द्यायचंच असेल तर "डेटा बॅकअप आधी, माझ्यासमोर" असं पावतीवर लिहून घ्या. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपला एका दुकानाने न विचारता फॉरमॅट मारला, डी ड्राइव्हसकट, आणि वर क्रॅकचं विंडोज टाकून दिलं ज्यात डिफेंडर बंदच होता, तिचं एमएडचं अर्ध्याहून जास्त काम गेलं, त्याची भरपाई कुणीच देऊ शकलं नाही.

साफ झाल्यावर

स्टीलर आला होता असा नुसता संशय असला तरी सगळे पासवर्ड बदलायचे, तेही फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून, आधी मेलचा मग बँकेचा. सोबत "सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट" पण करा, कारण स्टीलर पासवर्डबरोबर लॉगिनच्या कुकीही, म्हणजे तुम्ही आत आहात हे साईटला सांगणाऱ्या छोट्या फाईलीही नेतो आणि त्यांच्या जोरावर पासवर्डशिवाय आत जाता येतं. पैसे गेले असतील तर थांबायचं नाही, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. नाशिक शहर पोलिसांचं आणि ग्रामीण पोलिसांचं सायबर स्टेशन वेगळं आहे, सातपूर, सिडको, पंचवटीवाल्यांनी शहराकडे जायचं, निफाड, सिन्नरवाल्यांनी ग्रामीणकडे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस घालणं हा आयटी ॲक्ट २०००च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हा तक्रार द्यायला संकोच नको.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. ज्या जुन्या मशीनवर ११ बसत नाही आणि काम फक्त नेट बघणं, मेल आणि प्रिंट एवढंच आहे, तिथे लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाकून बघायला हरकत नाही, मराठी टायपिंग त्याच्यातही होतं. फक्त टॅली किंवा श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर त्यांच्यासाठी विंडोजच लागेल.