वॉकर (आडनाव)

वॉकर हे इंग्लंड व स्कॉटलंडमधले एक जुने, व्यवसायावरून पडलेले आडनाव आहे. आजच्या इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणे. त्यामुळे हे आडनाव पायी फिरणाऱ्या कुणाचे, निरोप्याचे किंवा जंगलात गस्त घालणाऱ्या रखवालदाराचे असेल असे सहज वाटते, आणि तसे अर्थ पूर्वी सांगितलेही गेले आहेत. त्याचा खरा उगम मात्र लोकरीच्या धंद्यात आहे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा कारागीर म्हणजे वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ या क्रियापदाचा अर्थ घुसळणे, लोळवणे असा होता. पायी चालणे हा अर्थ त्याला मागाहून, साधारण १२०० च्या सुमारास चिकटला. आडनावात जुना अर्थ राहिला आणि बोलण्यात नवा रुळला.

हे काम नीट समजल्याशिवाय आडनाव समजत नाही. मागावरून काढलेले लोकरीचे कापड विरविरीत असते. धाग्यांमधून उजेड दिसतो, आणि मेंढीच्या अंगची चरबी व सूत कातताना लावलेले तेल त्यात तसेच असते. असे कापड लाकडी किंवा दगडी हौदात टाकून त्यावर पाणी, शिळे मूत्र आणि एक विशिष्ट चिकणमाती घालत. ही माती आपल्याकडे मुलतानी माती म्हणून विकली जाते त्याच जातीची. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि माती मिळून तेलकटपणा ओढून घेत. मग कारागीर अनवाणी हौदात उतरून तासन्‌तास कापड तुडवी. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि सततचा दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात. कापड आटते, जाड होते, वारा आणि पाऊस अडवू लागते. नंतर ते धुऊन माळावरच्या लांब चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत. ताणलेल्या, अस्वस्थ मनःस्थितीसाठी इंग्रजीत ‘टेंटरहुक्सवर असणे’ म्हणतात, ते याच आकड्यांवरून आले.

काम घाणेरडे होते, त्याला दुर्गंधी होती आणि ते पायांची चाळण करणारे होते. पण थंड, पावसाळी देशात त्याच्याशिवाय अंगावर घालण्याजोगे कापड होत नव्हते. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती मोठ्या प्रमाणात लोकरीवर उभी होती, आणि त्या श्रीमंतीतला या माणसांचा वाटा इतिहासात क्वचितच नावाने नोंदला गेला आहे. म्हणून या आडनावाकडे दस्तऐवज म्हणून पाहायला हवे.

बाराव्या शतकात या कामात पाणचक्की आली. टेम्प्लर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने ११८५ मध्ये आपल्या मालमत्तेची जी मोजदाद केली, तिच्यात यॉर्कशरमधील टेम्पल न्यूसम येथे कापड घट्ट करणारी चक्की नोंदलेली आहे. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. पाण्याच्या चाकाने लाकडी हातोडे उचलले जात आणि हौदातल्या कापडावर आदळत. माणसाच्या पायांची जागा हातोड्यांनी घेतली. चक्की बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे, आणि कुळांनी कापड तिथेच आणून पैसे भरावेत असा आग्रह धरला जाई. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा याच कारणावरून तेराव्या शतकात नगरवासीयांशी मोठा तंटा झाला, कारण लोक घरच्या घरी कापड तुडवत राहिले होते.

इंग्लंडमध्ये सामान्य लोकांची आडनावे पिढीजात होण्याचा काळही जवळपास हाच. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी सरदार घराण्यांत आणि पुढे तीनशे-साडेतीनशे वर्षांत खालपर्यंत ही रीत झिरपली. उत्तरेकडे ती जरा उशिराच पोहोचली. करवसुलीच्या याद्या, जमिनीचे खटले, वारसाहक्क यांसाठी एकाच गावातले चार जॉन वेगळे ओळखणे भाग होते. म्हणजे वॉकर हे आडनाव कुटुंबांना कायमचे चिकटत होते तेव्हा पायांनी तुडवण्याचे काम अनेक ठिकाणी चक्कीकडे गेलेले होते. चक्कीवर हातोड्यांखाली कापड सरकवणारा माणूसही वॉकरच म्हटला गेला, आणि चक्कीला नाव पडले ‘वॉक मिल’. हा तपशील फार बोलका आहे: यंत्राने पाय बाजूला सारले, तरी लोकांच्या तोंडी पायच राहिले.

या एकाच धंद्याची इंग्लंडमध्ये तीन आडनावे आहेत. उत्तर इंग्लंड व मिडलंड्सच्या बऱ्याच भागात वॉकर; आग्नेय भागात व ईस्ट अँग्लियात फुलर, जे ‘फुल्लो’ या लॅटिन शब्दापर्यंत मागे जाते; आणि डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट या नैर्ऋत्येकडच्या परगण्यांत टकर. एक्सेटर शहरात विणकर, कापड घट्ट करणारे आणि कातरणारे यांच्या संघाची १४७१ मधली इमारत अजून उभी आहे आणि ती ‘टकर्स हॉल’ म्हणूनच ओळखली जाते. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचे गाव आहे. लोक देशभर पांगल्यानंतरही ही वाटणी पुरती पुसली गेलेली नाही. यॉर्कशर, लँकेशर, डर्बीशर ही वॉकरांची जुनी भूमी. बोलीभाषांच्या सीमा इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे आडनाव इंग्लंडमध्ये शोधायला कष्ट पडतील.

स्कॉटलंडमध्ये हाच शब्द ‘वॉक’ किंवा ‘वॉल्क’ असा उच्चारला जाई, आणि गेलिक भाषेतल्या ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे तुडवणाऱ्याचा मुलगा, या नावाचे इंग्रजी रूप म्हणूनही काही घराण्यांनी वॉकर स्वीकारले. हेब्रिडीज बेटांवर हे काम बायकांचे होते. लांब फळीभोवती समोरासमोर बसून त्या ओले ट्वीड, म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड, तालात आपटत आणि गाणी म्हणत. एक ओळ एकीने म्हणायची, पालुपद सगळ्यांनी उचलायचे. आपल्याकडे जात्याने ओवी जगवली, तसे तिथे या कामाने गेलिक गाण्यांचा मोठा ठेवा विसाव्या शतकापर्यंत जिवंत ठेवला. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पंडी’ म्हणत, आणि टोनिपंडी या गावाच्या नावात ती अजून आहे. जर्मनीतही वॉकरसारख्याच अक्षरांत लिहिले जाणारे, पण ‘वाल्कर’ असे उच्चारले जाणारे त्याच धंद्याचे आडनाव आढळते.

आडनाव इतके सर्वदूर का, याचे उत्तर सोपे आहे. ते एका मूळपुरुषापासून निघालेले नाही. जिथे लोकर होती तिथे तुडवणारा होता, आणि प्रत्येक गावात ते नाव स्वतंत्रपणे पडले. म्हणून दोन वॉकर कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे मुळीच नाही. ब्रिटनमधल्या पहिल्या वीस आडनावांत त्याची गणना होते. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत ते अठ्ठाविसाव्या क्रमांकावर होते आणि पाच लाखांहून अधिक लोकांनी ते लावले होते. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश आफ्रिकी अमेरिकन आहेत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांची आडनावे अधिकृत कागदांवर आली. काहींनी जुन्या मालकाचे आडनाव ठेवले, काहींनी स्वतः निवडले. त्यामुळे त्या कुटुंबांच्या वॉकर या आडनावामागे यॉर्कशरचा हौद नसून एक वेगळा, अधिक क्लेशकारक इतिहास आहे, आणि दोन्ही एका नोंदीत कोंबून टाकणे बरोबर नाही.

स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉकच्या जॉन वॉकर या किराणा दुकानदाराने १८२० मध्ये दुकान सुरू केले आणि पुढे त्याच्या घराण्याची व्हिस्की जगभर गेली. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्यासाठी झपझप चालणारा माणूस रेखाटला. त्या चित्राने आडनावाचा नवा अर्थच जगाच्या मनावर ठसवला.

मराठी इतिहासात हे आडनाव बडोद्याच्या संदर्भात येते. ॲलेक्झांडर वॉकर हा १८०२ पासून गायकवाडांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. काठेवाडातल्या संस्थानिकांकडून गायकवाड आणि पेशवे यांना मिळायची खंडणी पूर्वी मुलूखगिरीच्या फौजा पाठवून वसूल होई. १८०७ च्या ‘वॉकर सेटलमेंट’ने तिचे आकडे ठरवून दिले. जाडेजा राजपुतांमधली मुलींची हत्या थांबवण्याचे करारही त्याने संस्थानिकांकडून लिहून घेतले.

दुसरे नाव गिल्बर्ट वॉकर यांचे. त्यांचा जन्म १८६८ मध्ये लँकेशरमधील रॉचडेल या जुन्या लोकरी गावात, म्हणजे वॉकरांच्या खास मुलखात झाला. १९०४ ते १९२४ या काळात ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना संशोधनासाठी मोकळीक द्यावी, अशी शिफारस त्यांनी १९१३ मध्ये केली होती. मोसमी पावसाचा आधी अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबातला झोका आढळला. त्यालाच ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणतात. प्रशांत महासागरावरच्या पूर्व-पश्चिम वायुप्रवाहाला १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले, आणि एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते त्या वर्षी ते कमकुवत झाले की मराठवाड्यातल्या पेरण्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.