तक्त्यावरच्या आकड्यांमागचा इतिहास

तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब ही चौकडी नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी अंगवळणी पडते. रुग्णालयात मात्र हे आकडे एकदम आले नाहीत. त्यातली ज्या मोजणीला सर्वांत कमी साधने लागतात, तीच सर्वांत दुर्लक्षित राहिली.

नाडी वैद्य पूर्वापार पाहत आले. तिची लय, जोर, ताण बोटांनी जोखत. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या सांतोरिओने लंबकाच्या आधाराने तिचा वेग ताडून पाहिला. १७०७ मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ या कामाला जुंपले.

फॅरनहाइटचा पाऱ्याचा थर्मामीटर १७१४ चा, पण रुग्णाच्या काखेत तो नेमाने जायला जवळजवळ दीड शतक लागले. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ मध्ये काढला. त्यांचे उपकरण फूटभर लांब होते आणि पारा स्थिरावायला १५-२० मिनिटे लागत. ३७ अंश सेल्सिअसचा मापदंड त्यांच्यामुळे रुजला, पण त्यांचे खरे काम त्याहून मोठे म्हणावे लागेल. ताप हा स्वतः रोग नसून लक्षण आहे आणि एका नोंदीपेक्षा तापाचा रोजचा चढउतार जास्त सांगतो, हे त्यांनी दाखवले. असा चढउतार टिपायचा तर सतत रुग्णाजवळ असणारे माणूस हवे. इंग्लंडचे डॉक्टर थॉमस ऑलबट यांनी १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर आणल्यावर हे काम परिचारिकांकडे जाणे सोपे झाले.

इटलीचे डॉक्टर रिव्हा-रोच्ची यांच्या १८९६ च्या, दंडाला बांधायच्या फुगवत्या पट्ट्याने फक्त वरचा रक्तदाब कळे. १९०५ मध्ये रशियाचे डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप लावला आणि खालचाही मिळू लागला. हे काम बराच काळ डॉक्टरांनी आपल्याचकडे ठेवले.

श्वास मोजायला सेकंदकाटा आणि नजर पुरते. तरीही न मोजताच सगळ्यांच्या तक्त्यावर १८ किंवा २० लिहिण्याची खोड जुनी आहे. आपला श्वास मोजला जातोय हे कळले की रुग्ण वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावर तशीच ठेवून छातीकडे पाहायचे, ही शिकवण. प्रकृती ढासळताना श्वासाचा वेग बऱ्याचदा आधी वाढतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावून दाब काही काळ सावरून धरतात, त्यामुळे बीपी उशिरा कोसळते.

ब्रिटनमध्ये १९९७ साली धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत मांडली गेली: आकडा नेहमीपेक्षा जितका ढळलेला, तितके त्याला जास्त गुण. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तिचे राष्ट्रीय रूप काढले. समजा श्वास २४, नाडी ११२, ताप ३८.२, वरचा दाब १०८, रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के. सुटा आकडा एकही फारसा घाबरवत नाही. पण अनुक्रमे २, २, १, १, १ मिळून गुण होतात ७, आणि ७ म्हणजे तातडीचा प्रतिसाद. २०१७ च्या सुधारणेत नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्यालाच ३ गुण मिळाले. त्याला यंत्र नाही. रुग्ण काल कसा बोलत होता हे ठाऊक असलेल्या नर्सला किंवा घरच्यांनाच तो आधी जाणवतो.