निनवे पडल्यावरही जवाचा हिशेब

असिरियन साम्राज्य म्हटलं की राजधानी निनवेचे राजवाडे, पंखवाले बैल आणि राजांच्या फुशारक्या डोळ्यांपुढे येतात. पण राज्य चालतं कारकुनांच्या जिवावर, आणि ते भेटतात प्रांताच्या गावी. आग्नेय तुर्कस्तानात, दियारबकीर प्रांतात, टायग्रिसच्या काठी झियारत टेपे नावाचं सुमारे २२ मीटर उंच पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या थरांचं, टेकाड आहे. हेच असिरियन काळातलं तुशहान शहर. इ.स.पू. ८८२ मध्ये राजा दुसरा अशुरनासिरपाल याने ते नव्याने वसवलं आणि उत्तर सीमेवरचं ठाणं केलं.

इलिसू धरणाचं पाणी इथवर येणार म्हटल्यावर पुरातत्त्वज्ञ टिमथी मॅटनी यांच्या पथकाने २००० ते २०१४ दरम्यान इथे उत्खनन केलं. एवढं मोठं शहर सगळं खणणं शक्यच नव्हतं. भाजलेल्या मातीतली लोहखनिजं चुंबकत्व धरून ठेवतात. त्यामुळे चुंबकीय मापनातून जमिनीखालच्या इमारती आधी नकाशावर आल्या, कुदळ नंतर लागली.

टेकाडाखालच्या वस्तीत एक सरकारी इमारत सापडली. तिथे कीलाकार लिपीतल्या मृत्तिका-पाट्या होत्या, बहुतेक जवाच्या देवघेवीच्या. पण माझ्या मते खरी गंमत त्यांच्याच जोडीला सापडलेल्या मातीच्या शेकडो सोंगट्यांची आहे. गोळ्या, चकत्या, शंकू, अशी ही मोजणीची साधनं लिपीच्याही आधीची. लेखन आलं आणि ती बाद झाली, असा समज होता. इथे मात्र लिपी येऊन दोन हजारांहून अधिक वर्षं लोटल्यावरही ती कामात होती. या सोंगट्यांचा अभ्यास करणारे जॉन मॅकगिनिस आणि सहकाऱ्यांच्या मते, माल येता-जाता सोंगट्या सरकवून मोजणी होई आणि पक्की नोंद लेखनिक पाटीवर करी. निरक्षर माणसालाही आपलं माप चुकतंय का, हे त्यात दिसत असणार!

इथल्याच एका पाटीवर मन्नू-की-लिब्बाली नावाच्या अधिकाऱ्याचं खजिनदाराला लिहिलेलं पत्र आहे. घोडे आणि रथदळ उभं करायचा हुकूम आहे, पण माणसंच नाहीत. असिरियन आणि अरामी लेखनिक, लोहार, सुतार, धनुष्यं करणारे, विणकर, कोणीच जागेवर नाही. मी हुकूम सोडू तरी कोणाला, असं तो विचारतो. यातून मरणच निघेल, कोणी सुटणार नाही, असंही लिहितो. बहुधा हे इ.स.पू. ६११ च्या सुमाराचं पत्र असावं. निनवे ६१२ मध्येच पडलं होतं. जवाच्या काही नोंदीही त्यानंतरच्या आहेत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे राजधानी बुडाल्यावरही तुशहानच्या कचेरीत धान्याची मापं पडतच होती.