रक्तवाहिनीतील नळीची सुरक्षितता

सलाईन, औषधे, रक्त किंवा डायलिसिससाठी रुग्णाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग, गुठळी, रक्तस्राव किंवा हवा शिरणे असे अपाय होऊ नयेत, यासाठी रुग्णालयात घ्यायची काळजी. हाताच्या शिरेतल्या छोट्या नळीला वॉर्डात सरसकट ‘व्हेनफ्लॉन’ म्हणतात. ते मुळात एका उत्पादनाचे नाव. मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घालतात ती सेंट्रल लाइन. ‘हाताला सुई आहे, हलवू नको,’ असे नातेवाईक बजावतात. खरे तर सुई नळी बसवतानाच काढून टाकलेली असते, आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी.

वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे काढून घेतला. या वेडाला १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आधी तार आणि तारेवरून नळी, ही स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांची १९५३ची युक्ती आजही वापरात आहे. मात्र तारेचे बाहेरचे टोक सतत हातात धरावे लागते. ती आत राहून गेल्याचे प्रकार जगभर घडले आहेत.

जंतू दोन वाटांनी शिरतात. सुरुवातीच्या दिवसांत कातडीवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने. पुढे जोडणीच्या तोंडातून, म्हणजे औषध देणाऱ्याच्या हातून. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींवर भर दिला : हात धुणे, नळी घालताना टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे आणि रुग्णाच्या पूर्ण अंगावर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने कातडी पुसणे, जांघ टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) सरासरी ७.७ असलेले रक्तसंसर्ग दीड वर्षात १.४ वर आले. नवे यंत्र एकही आणले नव्हते. डॉक्टराने पायरी चुकवली तर नर्सने त्याला थांबवायचे, ही मुभा त्यातली सर्वांत अवघड गोष्ट. आपल्याकडे ‘सर, हात धुतले का?’ असे विचारणारी सिस्टर अजून विरळाच.

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न मिरजेत ठळक दिसतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारल्यापासून कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूरकडचे रुग्ण मिरजेला येत आले आहेत. अशा रुग्णाला नळी बहुधा गावाकडच्या दवाखान्यात किंवा रुग्णवाहिकेत, घाईत लागलेली असते. ती कशी घातली याची खात्री नसेल तर शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी असा संकेत आहे. नळी चांगली चालते आहे म्हणून ती तशीच ठेवण्याचा मोह इथेच होतो.

नळीचा आकार टोपणाच्या रंगावरून कळतो. तान्ह्या बाळाला बारीक पिवळी (२४ क्रमांकाची), मोठ्यांना सहसा निळी किंवा गुलाबी, अपघातात रक्त भराभर द्यायचे तर जाड हिरवी किंवा राखाडी. चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ पेनाने लिहावी. जागा लाल झाली, सुजली, शीर दोरीसारखी कडक लागली, तर बाटली अर्धी उरली असली तरी नळी काढावी. डायलिसिसच्या रुग्णाच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला एरवी ना सुई टोचावी, ना रक्तदाबाचा पट्टा बांधावा.

मुळात न घातलेली नळी सर्वांत सुरक्षित. ‘अशक्तपणा आलाय डॉक्टर, एक बाटली लावा,’ ही मागणी तासगावपासून जतपर्यंत ऐकू येते. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्याला ती क्वचितच लागते.

बाटली संपत आली की नातेवाईक हवेच्या भीतीने सिस्टरकडे धावतात. हाताच्या नळीतले दोन-चार बारीक बुडबुडे सहसा अपाय करत नाहीत. मानेतल्या सेंट्रल लाइनचे टोपण उघडे राहणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण श्वास आत घेताना हवा थेट ओढली जाते. म्हणून ती काढताना रुग्णाला बसवत नाहीत. आडवे झोपवून, डोके किंचित खाली करून, श्वास रोखायला सांगून नळी ओढतात, जागा दाबून हवाबंद पट्टी लावतात आणि नळीचे टोक शाबूत बाहेर आले का ते पाहतात.