बॅनर संपलं म्हणून पिटी शून्य होत नाही
गेन्शिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेमबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मर्यादित बॅनर (ठरावीक काळापुरती चालणारी सोडत) संपलं की पिटीची, म्हणजे पंचतारांकित (सर्वांत दुर्मीळ) बक्षीस न मिळता झालेल्या प्रयत्नांची, मोजणी शून्यावर येते, म्हणून नवख्यांनी प्रिमोजेम (खेळातलं चलन) कायमस्वरूपी बॅनरवरच घालावेत. हे साफ चुकीचं आहे. पात्रांच्या मर्यादित बॅनरवर 70 विश (सोडतीतले प्रयत्न) करूनही पंचतारांकित काही आलं नसेल, तर पुढच्या तशाच बॅनरवर मोजणी 71 पासून सुरू होते. 90 व्या विशपर्यंत ते हमखास मिळतं. कायमस्वरूपी आणि शस्त्रांच्या बॅनरची मोजणी मात्र वेगळी. शिवाय मर्यादित बॅनरवर नशिबाने दगा दिला, म्हणजे त्या बॅनरचं नसलेलं पंचतारांकित पात्र आलं, तरी जीन, मोना, किकी अशी कायमस्वरूपी बॅनरवरचीच पात्रं येतात, आणि त्यापुढचं पंचतारांकित पात्र नक्की त्या वेळच्या मर्यादित बॅनरचंच असतं. एका विशला 160 प्रिमोजेम लागतात. ते कायमस्वरूपी बॅनरवर कृपया उधळू नका. तिथे खेळातून मिळणारे विशचे टोकन, म्हणजे अ‍ॅक्वेंट फेटच वापरा.