पॉइंट्सवर हरणं आणि नॉकआउट होणं: रेकॉर्डवर दोन्हींचा ‘१’ सारखाच

व्यावसायिक बॉक्सरचं रेकॉर्ड तीन आकड्यांत मांडतात: जिंकलेल्या लढती, हरलेल्या, बरोबरीत सुटलेल्या. २०-०-० चं २०-१-० झालं की ‘आता याचं काय होणार?’ ही चर्चा सुरू होते, आणि बहुतेक वेळा ती त्या मधल्या १ भोवतीच फिरत राहते. पण तो १ फार थोडं सांगतो. हार पॉइंट्सवरची होती की नॉकआउटची, आणि नॉकआउट असेल तर कुठल्या जातीचा, यावर पुढची दोन-तीन वर्षं ठरतात.

पॉइंट्सवरची हार म्हणजे ठरलेल्या सगळ्या फेऱ्या झाल्या आणि रिंगभोवती बसलेल्या तीन जजेसनी निकाल दिला. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि तो त्या फेरीत एकदा खाली पडला असेल तर सहसा ८. तिन्ही कार्डं (जजेसची गुणपत्रकं) एकाच्याच बाजूची असली तर रेकॉर्डवर यूडी लिहितात. दोन एकीकडे आणि तिसरं दुसरीकडे असेल तर एसडी. दोन एकीकडे आणि तिसरं बरोबरीत असेल तर एमडी.

दुसऱ्या बाजूला केओ म्हणजे रेफरीने दहा मोजेपर्यंत न उठणं. टीकेओ म्हणजे रेफरीने किंवा डॉक्टरने लढत थांबवणं, आरटीडी म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या मिनिटानंतर बॉक्सर स्टुलावरून उठलाच नाही. बोलताना आपण या तिन्हींना सरसकट नॉकआउट म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. भुवई फाटून रक्त डोळ्यात गेलं म्हणून डॉक्टरने थांबवलेली लढतही टीकेओ आणि उभ्या उभ्या शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला रेफरीने मिठीत धरून वाचवलं तेही टीकेओच. दोन्हींचा करिअरवरचा परिणाम एकच कसा असेल?

पॉइंट्सच्या हारीत आधी कार्ड बघायचं. बारा फेऱ्यांची लढत ११५-११३ अशी सुटली तर एकाने सात आणि दुसऱ्याने पाच फेऱ्या घेतल्या. त्यातली एक फेरी जरी उलटी गेली असती तरी ११४-११४. अशा हारीनंतर मॅनेजर रीमॅच, म्हणजे त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढत, मागू शकतो आणि प्रमोटरलाही तो विकता येतो, कारण निम्मे प्रेक्षक ‘लुटलं रे याला’ म्हणत असतात. ११८-११० म्हणजे मात्र दहा फेऱ्या गेल्या. तिथे वाद घालायला जागा नसते, ट्रेनरला बसून व्हिडिओ बघावा लागतो.

सप्टेंबर २०१३ मध्ये कानेलो आल्वारेझ फ्लॉइड मेवेदरकडून हरला. दोन कार्डं ११६-११२ आणि ११७-१११, तिसरं चक्क ११४-११४, म्हणून निकाल एमडी. ते तिसरं कार्ड पटणारे लोक शोधावे लागतील. लढत मेवेदरची होती. तरीही कानेलोचं नुकसान किरकोळ झालं. तो २३ वर्षांचा होता, समोर त्या काळातला सर्वोत्तम बॉक्सर होता आणि अंगावर फारसं काही घेऊन तो रिंगबाहेर पडला नव्हता. २०२१ मध्ये त्याच्याकडे सुपर मिडलवेट या वजनगटातले विजेतेपदाचे चारही प्रमुख पट्टे होते. वासिल लोमाचेंकोचं तर आणखी सोपं झालं. मार्च २०१४ मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतल्या दुसऱ्याच लढतीत तो ओरलांदो सालिदोकडून एसडीने हरला आणि जूनमध्ये, तिसऱ्या लढतीत, जागतिक विजेता झाला.

थांबवल्या गेलेल्या लढतीनंतर पहिला फटका कॅलेंडरला बसतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत टीकेओनंतर किमान ३० आणि केओनंतर ६० दिवसांची वैद्यकीय बंदी येते, आणि डॉक्टरला शंका आली तर मेंदूचा स्कॅन स्वच्छ येईपर्यंत ती उठत नाही. या काळात स्पारिंगसुद्धा (जिममधली सरावाची लढत) करायचं नसतं. खरी चूक इथेच होते. बंदी उठली की डोकं बरं झालं असं धरून चालतात आणि नवव्या आठवड्यात मुलाला स्पारिंगला उभं करतात. जिममध्ये बसलेला ठोसा कुठल्याच रेकॉर्डवर येत नाही, पण डोक्याच्या हिशेबात तो धरला जातो. समजूतदार ट्रेनर आधी धावणं आणि पंचिंग बॅग, मग डोकं सोडून नुसतं अंगावर मारू देणारं हलकं स्पारिंग, आणि शेवटी १६ औंसांचे ग्लोव्हज व हेडगार्ड घालून पूर्ण स्पारिंग, अशा क्रमाने नेतो.

दुसरा फटका वाटाघाटीत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या जागतिक पट्टे देणाऱ्या चारही संघटना प्रत्येक वजनगटात क्रमवारी ठेवतात. काठावरच्या पॉइंट्स-हारीनंतर बॉक्सर बहुधा त्या क्रमवारीत वर राहतो, नॉकआउटनंतर पुष्कळ घसरतो. विजेता हरला तर त्याच्या करारात रीमॅचचं कलम अनेकदा असतं. आव्हानवीराकडे ते क्वचितच. म्हणजे एकाच प्रकारे हरलेले दोघं, एक सहा महिन्यांत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा, दुसरा पुन्हा छोट्या, आठ फेऱ्यांच्या लढतींत.

हेवीवेट विजेता अँथनी जोशुआकडे ते कलम होतं. १ जून २०१९ ला अँडी रुईझने त्याला तिसऱ्या फेरीत दोनदा आणि सातव्यात दोनदा पाडलं. तिसरी फेरी पुन्हा बघण्यासारखी आहे: आधी जोशुआनेच रुईझला पाडलं, मग काम संपवायला आत घुसला आणि जवळच्या अंतरावर, जिथे रुईझचे हात जास्त वेगाने चालतात तिथे, ठोसे टाकत उभा राहिला. डिसेंबरच्या रीमॅचमध्ये तो सुमारे दहा पौंड हलका होऊन आला, बाराही फेऱ्या लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारत फिरला आणि ११८-११०, ११८-११०, ११९-१०९ असा जिंकला. रुईझ दरम्यान आणखी पंधरा पौंडांनी वाढला होता, हेही खरं. पट्टे परत आले, पण पाडल्यावर अंगावर जाणारा आधीचा जोशुआ त्यानंतर कमीच दिसला असं आमचं मत.

नॉकआउटचं कारण सापडण्यासारखं असेल तर ती हार दुरुस्त करता येते. १९९४ मध्ये हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस उजवा ठोसा टाकत असतानाच ऑलिव्हर मॅकॉलचा उजवा आधी पोचला आणि लढत दुसऱ्या फेरीत संपली. मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये ट्रेनर म्हणून इमॅन्युएल स्टुअर्ड होता. लुईसने नंतर त्यालाच ट्रेनर नेमलं, तोल आणि जॅबवर काम केलं आणि १९९७ मध्ये मॅकॉललाच हरवून पट्टा परत घेतला. १९९६ मध्ये मॅनी पॅक्याओ तिसऱ्या फेरीत केओ झाला. वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलं म्हणून त्या दिवशी त्याला जड ग्लोव्हज घालायला लावले होते. तोच पुढे आठ वजनगटांत जागतिक विजेता झाला. ‘एकदा हनुवटी (म्हणजे ठोसा सोसायची ताकद) मोडली की संपला’ हे म्हणणं या माणसासमोर टिकत नाही.

पॉइंट्सची हार नेहमी सौम्य असते, हेही तितकंच चुकीचं. नसीम हमीद ३५-० होता. २००१ मध्ये मार्को अँतोनियो बारेराने त्याला बाराही फेऱ्या शांतपणे बॉक्स केलं. निकाल यूडी. हमीद त्यानंतर एकदाच लढला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. त्याच्या शैलीचा सगळा डोलारा समोरच्याच्या घाबरण्यावर उभा होता, आणि न घाबरता मध्यभागी उभं राहायचं कसं ते बारेराने सगळ्यांना दाखवलं.

मेल्ड्रिक टेलरची केस या दोन्ही खणांत बसत नाही. १७ मार्च १९९०, हूलिओ सेसार चावेझसमोर तो दोन जजेसच्या कार्डांवर स्पष्ट पुढे होता. वेगाने जास्त ठोसे टाकत होता, पण चावेझचे कमी ठोसे जड बसत होते: तोंडातून रक्त, डोळा सुजत चाललेला, चेहऱ्याचं हाड मोडलेलं. बाराव्या फेरीच्या अगदी शेवटी तो उजव्या ठोशाने पडला, उठला, रेफरीने ठीक आहेस का विचारलं, उत्तर आलं नाही, आणि दोन सेकंद उरले असताना लढत थांबली. वाद आजही त्या दोन सेकंदांवर चालतो. पण ते दोन सेकंद मिळाले असते तर टेलर पॉइंट्सवर जिंकला असता आणि शरीर तितकंच फुटलेलं असतं. तो पुढे आणखी एक जागतिक पट्टा जिंकला, तरी ते आधीचे हात परत आले नाहीत.

वय हा यातला सगळ्यात रुक्ष मुद्दा. विजेंदर सिंग मार्च २०२१ मध्ये गोव्यात १२-० वरून पाचव्या फेरीत टीकेओने हरला तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि पुढची लढत १७ महिन्यांनी आली. त्या वयात शैली बदलायला वेळच उरत नाही.

त्यामुळे पहिल्या हारीनंतर रेकॉर्डची ओळ पूर्ण वाचावी: समोर कोण, कितवी फेरी, निकालाची अक्षरं कोणती, कार्डं काय. मग पुनरागमनाची लढत बघावी. दुबळ्या, ठोशात जोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला दोन फेऱ्यांत उडवलं तर त्यातून काहीच कळत नाही. ठोशात दम असलेला कोणी समोर असेल, तर पहिला कडक ठोसा बसल्यानंतरचे तीस सेकंद बघा: तो जॅब टाकत राहतो, की दोन्ही हात वर घेऊन दोरांकडे सरकतो.